सल्लागारांचा खळगा

गादी बदलायचं ठरलं ते एका रविवारी, चहा पिताना, आणि ठरायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लग्न ठरवताना, घर घेताना, नोकरी सोडताना दहा वेळा विचार करावा, असं सगळे सांगतात. गादी बदलताना विचार करावा असं कोणी सांगत नाही. सल्लागारांनाही कोणी सांगितलं नाही, कारण त्या विषयात सांगण्याचा अधिकार गावात एकट्या सल्लागारांचाच होता.

ते गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते. आधी नुसतेच विक्रेते होते. मग मालकांनी कुठल्याशा मासिकात काहीतरी वाचलं आणि त्यांच्या खिशावर बिल्ला लावला, 'निद्रा सल्लागार'. पगार होता तेवढाच राहिला, पण तेव्हापासून त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. सासूबाईसुद्धा फोनवर "सल्लागार आहेत का घरात?" असंच विचारत. (त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याच्या खोलात सल्लागार कधी शिरले नाहीत. झाकली मूठ बरी.)

तर हे सल्लागार अकरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते, की दहा वर्षांपुढची गादी म्हणजे पाठीच्या कण्याची वैरीण. आणि घरी मात्र लग्नात घेतलेली, सोळा वर्षांची कापसाची गादी! दुकानात 'जुनी द्या, नवी न्या' योजना लागली तेव्हा बायकोनं चहाचा कप खाली ठेवला.

"लोकांच्या गाद्या बदलता. आपली कधी बदलणार?"

"बदलू की."

झालं. मंगळवारी दुकानाचा टेम्पो आला, जुनी गादी घेऊन गेला आणि नवी टाकून गेला. नवी गादी चांगली वीतभर जाड, गुबगुबीत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. बायको आडवी झाली आणि "किती छान" मधला 'छान' तोंडातून निघायच्या आत झोपली. सल्लागार तिच्या शेजारी आडवे झाले, त्यांनी डोळे मिटले आणि ते झोपेची वाट पाहू लागले.

सतराव्या रात्रीही ते वाटच पाहत होते.

उपायांची कमतरता नव्हती. 'शांत झोपेच्या अकरा पायऱ्या' हे दुकानात फुकट वाटलं जाणारं पत्रक त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. कोमट दूध प्या, असं त्यात होतं. ते प्यायले, आणि दुधासाठी दोनदा उठावं लागलं. (पिण्यासाठी एकदा, आणि दुसऱ्यांदा कशासाठी ते सांगायला नको.) गरम पाण्यात पाय बुडवा, असं होतं, पायांना झोप लागली, मुंग्या आल्या, वरचा माणूस जागाच. कंटाळवाणं काही वाचा, असंही होतं. त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राचं हमीपत्र वाचायला घेतलं, आणि हमी परवाच संपल्याचं कळून त्यांना इतका संताप आला, की पहाटेपर्यंत ते यंत्राकडे बघत बसले. शेवटची पायरी म्हणजे हजारापासून उलटे आकडे मोजणं. चारशेवर पोचल्यावर त्यांना शंका आली, की आपण सहाशे बारा गाळला. अशी शंका मनात ठेवून झोपणं बरं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा हजारापासून सुरुवात केली.

शेजारी बायकोचा श्वास संथ लयीत चाललेला असे. सल्लागारांना आधी तिचा हेवा वाटला, मग राग आला, आणि मग रागाची लाज वाटली. झोपेत माणसाचा काय दोष?

दिवसा मात्र जग मऊ झालं होतं. दुकानात दुपारी मंद दिवे लागलेले असत, रस्त्याचा आवाज जाड काचेबाहेर राही, आणि तेवीस पलंग पांढऱ्या चादरी पांघरून ओळीनं पसरलेले असत. सल्लागार त्यांच्यामधून फिरत तेव्हा त्यांना जमीन लागतच नसे. उशा हळूहळू श्वास घेत आहेत, असं एकदा त्यांच्या नजरेला पडलं. त्यांनी जवळ जाऊन एका उशीला "सावकाश" असंही सांगितलं. मागे गिऱ्हाईक उभं होतं.

बरं, त्या पलंगांवर आडवं व्हायची सोय नव्हती. विक्रेत्यानं गादीला पाठ लावायची नाही, हा दुकानाचा पहिला नियम. गिऱ्हाइकांना मात्र "झोपून बघा, झोपून बघा" असा आग्रह करायचा. एका गृहस्थांनी झोपून बघितलं आणि म्हणाले, "गादी बरी वाटते."

"तुम्हाला झोप लागते?" सल्लागारांनी त्यांच्यावर वाकून विचारलं.

"लागते की."

"कशी लागते? म्हणजे, आधी नेमकं काय होतं?"

लाल डोळ्यांचा माणूस इतक्या जवळून असं विचारतोय म्हटल्यावर गृहस्थ उठले, आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

हे मालकांनी पाहिलं. मालक गोल, गुटगुटीत आणि मृदू बोलणारे होते. त्यांनी सल्लागारांना कोपऱ्यात घेतलं.

"सल्लागार, केसाचं तेल विकणाऱ्याला टक्कल असून चालतं का?"

"नाही, साहेब."

"तुमच्या डोळ्यांखाली जी वर्तुळं आहेत ना, ती रस्त्यावरून दिसतात. आज शुक्रवार. सोमवारी झोपलेला चेहरा घेऊन या. नाहीतर बिल्ला माझ्या टेबलावर ठेवा आणि दुसरी नोकरी बघा."

अकरा वर्षांची नोकरी तीन रात्रींवर आली होती. सल्लागार बिल्ल्यावर हात ठेवून उभे राहिले. आता आज झोप आलीच पाहिजे, असं त्यांनी मनाला बजावलं, आणि उरलीसुरली पेंगही पळाली.

त्याच दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी सात गाद्यांवर शिस्तीत दहा-दहा मिनिटं झोपून पाहिलं आणि शेवटी उठून पदर सारखा केला.

"गाद्या चांगल्या आहेत हो तुमच्या. पण एकीतही माझा खळगा नाही."

"खळगा?"

"घरच्या गादीत आहे ना माझा. खांद्याला एक, कमरेला एक. वीस वर्षं लागली पडायला. तो सोडून मी कुठेही झोपले, की पाहुण्यासारखी झोपते. एक डोळा उघडाच." आणि त्या काहीही न घेता निघून गेल्या.

सल्लागार तिथल्या तिथे खिळले. त्यांचाही खळगा होता! सोळा वर्षं ते रोज रात्री त्यात अलगद उतरत आणि खळगा त्यांना आत घेई. आपण स्वतःच्या हातानं, हसत हसत, सहीसुद्धा करून तो टेम्पोत चढवला, हे आठवून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

जुन्या गाद्या दुकानामागच्या गोदामात पडत. सल्लागार धावत तिथे गेले.

"माझी गादी हवी आहे," ते गोदामवाल्याला म्हणाले.

"कुठली?"

"जुनी."

गोदामवाल्यानं मागे बोट केलं. दीडशे गाद्या होत्या. सगळ्या जुन्या आणि सगळ्या निळ्या पट्ट्यांच्या, कारण तेच एक कापड मालकांनी वीस वर्षं गावभर विकलं होतं. (निळे पट्टे डोळ्यांना शांत करतात, असं पटवून ते खपवणारे कोण, हे सांगायलाच हवं का?) चिठ्ठी एकीलाही नव्हती.

"घाई करा," गोदामवाला म्हणाला, "संध्याकाळी सगळ्या उसवायला जाणार. कापूस काढून सोफ्यात भरतात."

ओळखायचा एकच मार्ग होता. सल्लागारांनी बूट काढले आणि पहिल्या गादीवर आडवे झाले.

तिच्यात कोणीतरी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपत आलं होतं. दुसरीत दोन खळगे होते आणि मधे उंच बांध. (त्या घरात बोलणं बेताचंच असावं.) तिसरीत दोन खळगे एकमेकांत मिसळून एकच झाले होते. एकीच्या पायथ्याशी अगदी लहानसा, वाटीएवढा खळगा होता; मांजर असेल, किंवा आईबापांच्या पायाशी झोपणारं एखादं हट्टी पोर. छपराच्या फटीतून ऊन तिरपं येत होतं आणि त्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगत होते. सल्लागार गादीमागून गादीवर आडवे होत गेले. अख्ख्या गावाची झोप इथे रचून ठेवली होती आणि ते तिच्यावरून पालथे-उताणे होत चालले होते. आपण कोणाच्या घरात आहोत आणि कोणाचं स्वप्न बघतो आहोत, हेही त्यांना धड कळेना.

एक्केचाळिसाव्या गादीवर त्यांनी पाठ टेकली. खांदा खाली गेला, मग कंबर गेली, आणि डावा गुडघा आपल्या जागी बरोबर बसला. "आलास?" असं गादी म्हणाली, असं ते पुढे शपथेवर सांगत. मग सतरा रात्रींची झोप त्यांच्यावर एकदम आली.

संध्याकाळी हमाल आले. चार जणांनी गादी चार टोकांनी उचलली तेव्हा ती जड लागली. बघतात तर वर सल्लागार, बिल्ल्यासकट!

"उठवायचं?" एकानं विचारलं.

"नको रे. झोपलेल्याला उठवू नये, पाप लागतं. वर दुकानाचा माणूस. मालकांना विचारू."

त्यांनी गादी तशीच दुकानात आणली. मालक बाहेर गेले होते. मोकळा पलंग एकच होता, तो दर्शनी काचेतला. नवी गादी भिंतीला लावून त्यांनी जुनी त्यावर अंगावरच्या सल्लागारांसह ठेवली, आणि जवळ पडलेली पांढरीशुभ्र चादर त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली.

ऑफिसं सुटायची वेळ. दमलेली माणसं काचेपाशी थबकू लागली. आत एक माणूस ओठ किंचित उघडे ठेवून असा झोपला होता, की बघणाऱ्याचे खांदे आपोआप सैल पडावेत. एका बाईंनी काचेला कपाळ टेकलं. मग दार उघडून त्या आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती द्या. त्यांच्याखाली आहे, तशी."

मालक परतले तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सल्लागारांना गादीवर बघून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, भोवतालची गर्दी पाहिली, आणि उघडलेल्या तोंडावर बोट ठेवलं. सारं दुकान कुजबुजत व्यवहार करत होतं. हो, हो, तशीच, निळ्या पट्ट्यांची, उद्या सकाळी पोचवतो, हळू बोला.

कोणीतरी बायकोला कळवलं. ती धापा टाकत आली ती उशाशी येऊन बसली. दुकान बंद व्हायच्या वेळी सल्लागारांनी डोळे उघडले, तर समोर तीच.

"सापडली," ते म्हणाले. "आपली गादी. घरी नेऊया."

बायको चादरीची कड बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "अहो, एक सांगू? सोळा वर्षं मी उतारावर झोपले."

"उतारावर?"

"तुमच्या खळग्याचा उतार. डोळा लागला की घरंगळायची तुमच्याकडे. म्हणून रात्रभर पलंगाची कड धरून झोपायची."

"मला वाटायचं, तुला खिडकीचा वारा आवडतो."

"वारा कसला! सतरा रात्री झाल्या, पहिल्यांदा हात सोडून झोपतेय."

सल्लागारांना फार वाईट वाटलं. गावाला कण्याचे सल्ले देणाऱ्या माणसाला शेजारची बायको सोळा वर्षं लटकलेली दिसली नव्हती. "मग जाऊ दे," ते म्हणाले. "उसवू दे तिला. घरी सपाटच राहू दे. नोकरीचं बघू." त्यांनी बिल्ला काढला आणि मालकांपुढे धरला.

"अहो, वेडे का काय?" मालकांनी तो परत त्यांच्या खिशावर लावला. "ही गादी इथेच राहणार, आणि तुम्हीही. सोमवारपासून रोज तीन ते सात, काचेत. अकरा वर्षांत तुम्ही बोलून जेवढ्या खपवल्या नाहीत, तेवढ्या आज चार तासांत गप्प राहून खपवल्यात. फक्त एक करा."

"काय?"

"बोलू नका."

अशी सल्लागारांना बढती मिळाली. नव्या गादीवर झोप येत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलंच, तर मालक काचेकडे बोट दाखवून सांगत, "सल्लागारांना विचारा. आत्ता मात्र उठवू नका, कामात आहेत." दुपारी सल्लागार खळग्यात उतरत, संध्याकाळी ताजेतवाने होऊन घरी येत, आणि रात्री नव्या गादीवर निवांत जागे पडून बायकोचा श्वास ऐकत. तिचे दोन्ही हात सैल पसरलेले असत. ते बघायला त्यांना आवडू लागलं होतं.

दीडेक महिन्यानं एका रात्री असंच ऐकता ऐकता त्यांचा खांदा किंचित खाली गेला. मग कंबर गेली. नव्या गादीनं त्यांना ओळखायला सुरुवात केली होती. पापण्या जड झाल्या, छत विरघळलं, आणि घरच्या पलंगावर, स्वतःच्या बायकोशेजारी, सल्लागारांना गाढ झोप लागली.

कोणीतरी त्यांना गदागदा हलवत होतं.

"अहो, उठा! उठा आधी!" बायको एका हातानं पलंगाची कड धरून घाबऱ्या घाबऱ्या सांगत होती. "सगळी झोप इथेच संपवलीत, तर उद्या कामावर काय करणार?"