एकशे एकाहत्तर मार्क आणि हरवलेला पाच

थॉर्कबी गावात गुन्हेगार दोनच प्रकारचे, असं हौशी गुप्तहेर कथबर्ट प्रिडमोर स्वतःच सांगत असे. एक, त्याने पकडलेले. दोन, त्याचं नाव ऐकूनच गाव सोडून पळालेले. पहिल्या प्रकारात आजवर कुणीच नव्हतं, तेव्हा दुसरा प्रकार अफाट असणार हे उघडच होतं.

“माझी नजर म्हणजे नजर नाही, ऑल्वेन, झडती आहे झडती,” तो म्हणे. “एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली मी. माणूस वरच्या मजल्यावर चढताना नुसते गुडघे बघून सांगायचो, तिकीट आहे की नाही.”

एकतीस वर्षांत त्याने एकूण नऊ फुकटे पकडले. त्यातला एक झोपलेला पाद्री होता आणि त्याच्याकडे पास निघाला. हे ऑल्वेन टिब्सला ठाऊक होतं, कारण ती त्याच्या स्वर्गवासी बायकोची धाकटी बहीण. लाँड्रीतून निवृत्त झाल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली आणि महिन्याभरात त्याची सहायक झाली. नेमणुकीचं कारण एवढंच, की गाडी तिची होती.

ऑगस्टमधला तो गुरुवार निकालाचा होता. साडेनऊला ऑल्वेन टोस्टवर मुरंबा लावत होती, तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली लोर्ना स्प्रोट दार न वाजवताच आत शिरली. डोळे लाल, एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

“साहेब, चोरी झाली!”

प्रिडमोरने टोस्ट खाली ठेवला. निवृत्तीनंतर गुप्तहेरी सुरू केल्यापासून दोन वर्षांत हे वाक्य त्याला कुणी म्हटलं नव्हतं. “काय गेलं?”

“माझ्या कीलीचा पाच गेला!”

मग रडत रडत तिने सगळं सांगितलं. कीली तिची एकुलती एक, सोळा वर्षांची. सकाळी शाळेतून निकालाचा कागद घेऊन आली. गणितात तीन पेपर मिळून दोनशे चाळीसपैकी एकशे एकाहत्तर मार्क आणि श्रेणी चार. इथवर ठीक. पण कुंपणापलीकडची फिलिपा पेटिफर गुलाबांना पाणी घालता घालता ओरडली, की आमच्या टोबायसला गणितात पाच! मार्क किती? चौऱ्याण्णव!

“चौऱ्याण्णवला पाच आणि एकशे एकाहत्तरला चार?” लोर्ना टेबलावर हात आपटून म्हणाली. “हा कुठला न्याय? मी पोरीला विचारलं, तुझा पाच कुठंय? ती म्हणाली चारच आहे. मी म्हटलं, शोध! मग ती चिडली, मी चिडले, आणि ती कागद घेऊन निघून गेली. फोन उचलत नाही. तिला प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स व्हायचंय हो. लहानपणापासून तेवढं एकच वेड. कॉलेजात नाव घालायची मुदत आज दुपारी चार वाजेपर्यंत. पाच नाही मिळाला तर संपलं सगळं.”

ऑल्वेनला गलबलून आलं. तिने लोर्नाच्या हातात चहाचा कप दिला.

प्रिडमोर डोळे मिटून बसला होता. मग एकदम उठला आणि लोर्नाचा हात हातात घेऊन हलवू लागला. “अभिनंदन! प्रकरण सुटलं. तुमच्या मुलीचा चार हा पेटिफरच्या पाचापेक्षा वरचा आहे. आमच्या वेळी एक म्हणजे सगळ्यात वर, पाच म्हणजे तळ. अन्याय झाला असेल तर त्या पोरावर!”

“तुमच्या वेळी, भावोजी,” ऑल्वेन म्हणाली, “दुधाची बाटली दारात यायची. आता नऊ वर आणि एक खाली आहे. पेपरात छापून आलेलं.”

“कधी?”

“झाली की सात-आठ वर्षं.”

“मला कुणी कळवलं नाही,” प्रिडमोर म्हणाला आणि टोपी शोधू लागला.

दुसरा तर्क त्याला टोपी घालता घालताच सुचला. लाच! “पेटिफर लोक शाळेला काही देतात का?”

लोर्ना विचारात पडली. “जुलैत फिलिपाने शिक्षकांच्या खोलीत लिंबाचा केक पाठवला होता खरा.”

“केक!” प्रिडमोर असा ओरडला की मांजर बाहेर गेलं.

फिलिपा पेटिफरने त्यांना हसत हसत आत घेतलं, कारण निकाल ऐकवायला तिला माणसं हवीच होती. तसलाच एक केक टेबलावर होता. प्रिडमोरने पुरावा म्हणून एक तुकडा घेतला, खातरी करण्यासाठी दुसरा, आणि तिसऱ्याचं कारण त्याने दिलं नाही.

“या केकमध्ये,” तो तोंड पुसत गंभीरपणे म्हणाला, “किती मार्क विकत घेण्याची ताकद आहे, बाई?”

“अंडी चार आहेत,” फिलिपा म्हणाली. “मार्कांचं मला काही माहीत नाही.”

“केक कितव्या तारखेला दिलात?”

“अठरा जुलै.”

“आणि परीक्षा कधी संपली?” ऑल्वेनने विचारलं.

“जूनमध्ये. शिवाय पेपर काही आमच्या शाळेत तपासत नाहीत. बाहेर जातात. कुठं ते देवाला ठाऊक.”

ऑल्वेनने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी चौथ्या तुकड्याकडे पाहिलं. लोर्नाने मात्र फिलिपाकडे पाहिलं ते असं, की त्या दोघींची बारा वर्षांची कुंपणावरची मैत्री तिथंच आंबली. बाहेर पडताना ती म्हणाली, “मोठी आली नाकाने कांदे सोलणारी,” आणि ते फिलिपाला ऐकू गेलं.

साडेबारा वाजले. कीलीचा फोन अजून नुसताच वाजत होता. लोर्नाने अकराव्यांदा लावला आणि गाडीत मागच्या सीटवर हुंदके देऊ लागली. ऑल्वेन म्हणाली, “भावोजी, आधी पोरीला शोधू. ती सापडली की तिलाच विचारू.”

“गुन्ह्याचा बळी कधीच काही सांगू शकत नाही, ऑल्वेन. हा पहिला नियम. वाचनालयात घे.”

वाचनालयातल्या संगणकावर त्याने परीक्षा मंडळाचे दोन तक्ते छापून घेतले, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा. अमुक मार्कांना तमुक श्रेणी, अशी रेषा आखलेले ते तक्ते. प्रिडमोरने त्यावर नाक टेकवलं आणि त्याचे कान लाल झाले.

“बघा! गेल्या वर्षी पाचाची रेषा एकशे एकोणनव्वदवर. यंदा एकशे शहाऐंशीवर. कुणीतरी बांध कोरतंय! शेजारी कसा हळूच शेताचा बांध कोरतो, दर वर्षी वीतभर? तसं. वर्षाला तीन मार्क. या वेगाने बासष्ट वर्षांनी पाचाची रेषा शून्याला टेकेल, आणि मग परीक्षेला न बसणारासुद्धा पास!”

“रेषा खाली आली तर कीलीला बरंच ना?” ऑल्वेन म्हणाली. “एकशे एकाहत्तरपासून ती आता जवळ आली की.”

“तेच तर! जवळ आणली, पण हाताशी दिली नाही. क्रूर डोकं आहे यामागे. आणि हे बघ, इथं खाली आणखी एक तक्ता आहे, पानभर आकडे. हा नक्कीच गोंधळ घालायला छापलाय. मी तो दुमडून ठेवतो.”

दीडच्या सुमारास तिघं शाळेत पोचली. सभागृहात परीक्षांचं काम बघणाऱ्या मिसेस ग्रिंडल एका टेबलामागे सॅंडविच हातात धरून बसल्या होत्या. ते सकाळी आठपासून तसंच होतं, कारण दर वेळी घास घ्यायला जावं तर कुणीतरी समोर येऊन रडायचं. प्रिडमोरने पुढे होऊन तक्ते टेबलावर आपटले.

“बाई, रेषा कोण हलवतं?”

“मंडळ हलवतं,” मिसेस ग्रिंडल म्हणाल्या. “दर वर्षी.”

प्रिडमोरची पाचावर धारण बसली. गुन्हेगार इतक्या झटकन कबुली देईल याची त्याला सवय नव्हती. “आणि हे तुम्ही उघड सांगता?”

“सांगायचं नाही तर काय? पेपर अवघड निघाला की सगळ्या देशातल्या पोरांचे मार्क घसरतात. मग रेषाही खाली घेतात. सोपा निघाला की वर. नाहीतर अवघड वर्षी जन्मलेल्या पोरांनी काय पाप केलंय? आणि रेषा ठरते ती सगळे पेपर तपासून झाल्यावर. आधी कुणालाच ठाऊक नसते. मलाही नाही, मुख्याध्यापकांनाही नाही.” एवढं बोलून त्यांनी सॅंडविच तोंडाशी नेलं, आणि मागे एक मुलगा हमसून रडू लागला. सॅंडविच परत खाली आलं.

“म्हणजे कटात सगळा देश आहे,” प्रिडमोर पुटपुटला.

“पण मग,” लोर्ना कळवळून म्हणाली, “चौऱ्याण्णव मोठे की एकशे एकाहत्तर? एवढंच सांगा हो मला!”

“अहो मिसेस स्प्रोट, ते पेपरांचे दोन वेगळे संच आहेत,” असं उत्तर आलं, पण ते मिसेस ग्रिंडलकडून नव्हे. ते खिडकीत बसून सॉसेज रोल खाणाऱ्या टोबायस पेटिफरकडून आलं.

सगळे वळले.

“मी अवघडवाला दिला, कीलीने सोपावाला,” तो चावत चावत म्हणाला. “माझ्यात असले भयानक प्रश्न होते की चौऱ्याण्णव मार्कांना पाच देतात. तिच्यात सोपे प्रश्न जास्त, म्हणून पाचाला एकशे शहाऐंशी लागतात. आणि सोप्यात पाचाच्या वर काही मिळतच नाही. दोघांचे तक्ते वेगळे. तो तुमच्या हातातल्या कागदावर खाली दुमडलाय ना, तो माझा.”

प्रिडमोरने हळूच कागद उलगडला. होता. चौऱ्याण्णवच्या समोर पाच, ठळक अक्षरात.

“हे मला कुणी का नाही सांगितलं?” लोर्ना म्हणाली.

“फेब्रुवारीत पालकांना याचाच फॉर्म पाठवला होता,” मिसेस ग्रिंडल म्हणाल्या. त्यांनी फाईल काढून पान पुढे केलं. तळाशी लोर्नाची सही होती, वळणदार, शेवटी लहानसं फुलपाखरू काढलेली.

लोर्ना त्या फुलपाखराकडे बघत राहिली. “मला वाटलं हा सहलीचा आहे,” ती म्हणाली. “मी विचारलंसुद्धा तिला, डबा लागेल का म्हणून.”

ऑल्वेनला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. तिने लोर्नाच्या पाठीवर हात ठेवला. “बाळा,” तिने टोबायसला विचारलं, “कीली कुठं आहे, ठाऊक आहे का तुला?”

“कॉलेजात. सव्वादहाच्या बसने गेली.”

“पण तिला पाच नाही ना!” लोर्ना म्हणाली.

“तिच्या कोर्सला चार लागतो. पाच मला लागत होता, मला पुढं गणितच घ्यायचंय.” टोबायसने बोटं चाटली. “तिला तर कधीच पाच लागत नव्हता.”

सभागृहात क्षणभर फक्त सॅंडविचचा कागद वाजला. मिसेस ग्रिंडलना अखेर एक घास मिळाला होता.

ऑल्वेनने गाडी अशी हाणली की प्रिडमोरने दोन्ही हातांनी टोपी धरली. कॉलेजपर्यंत जायची वेळच आली नाही. वाटेत बसथांब्यावरच कीली उतरली. गळ्यात नवं ओळखपत्र होतं, त्यावरच्या फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेले, आणि हातात चिप्सचा कागद. आईला गाडीतून उतरताना बघून ती जागीच थांबली.

“चार पुरतो?” लोर्नाने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“पुरतो. झालं नाव घालून. सोमवारपासून कोंबड्यांनी सुरुवात आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगत होते की! तू पाच कुठंय, पाच कुठंय म्हणून ओरडत होतीस. शेवटी मला वाटलं, बसच पकडावी.” कीलीने चिप्सचा कागद घट्ट दुमडला. “आई, डिसेंबरच्या सरावपरीक्षेत मला दोन होता. दोन! तो तुला दाखवलाच नाही मी. मग रोज शाळा सुटल्यावर टोबायस मला तासभर शिकवायचा. दोनाचा चार केला मी. त्याचं कुणी काही बोललंच नाही.”

थांब्याच्या बाकावर टेकलेल्या प्रिडमोरने घसा साफ केला. “म्हणजे या प्रकरणातला खरा सूत्रधार...”

“भावोजी,” ऑल्वेन म्हणाली, “गप्प बसा आणि बाकावरून उठा. त्या दोघींना बसू दे.”

तो उठला. लोर्ना बसली आणि तिने लेकीला शेजारी ओढलं. पेटिफरांकडे जाऊन काय तोंड दाखवायचं हे तिच्या मनात आलं असणार, कारण एकदा तिने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने लेकीच्या कागदातली एक गार चिप उचलली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला एक साधा प्रश्न विचारला.

“पेपर अवघड होता का गं?”

“तिसरा होता,” कीली म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. “फार अवघड होता.”