चौऱ्याहत्तर तोफा आणि एक बाथरूम

मला खरं तर एक होडीच करायची होती. दोन वल्ही, एक फळी, बसायला जागा, एवढीच. रविवारच्या दुपारी उरकेल असं काम.

झालं असं की, काही हौशी मंडळी मिळून कॉम्प्युटरवर जुन्या शिडाच्या जहाजांचं एक सिम्युलेटर बनवतात. म्हणजे घरबसल्या जहाज हाकायचं, वारा पकडायचा, पाहिजे तर लढाई करायची. जहाजं ज्याची त्याने स्वखुशीने बनवून द्यायची. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. पाण्याशी माझा संबंध कागदोपत्रीच. पण कुठल्याशा मोहाच्या क्षणी मी त्यांच्या यादीत नाव नोंदवायला गेलो आणि 'बंदरातली होडी' याऐवजी वरच्या ओळीवर बोट पडलं. वरच्या ओळीत होतं, 'दोन मजली युद्धनौका, तोफा चौऱ्याहत्तर.'

चूक तिथल्या तिथे सुधारता आली असती. पण दोन मिनिटांत अकरा जणांनी अभिनंदन केलं. एकाने तर लिहिलं, 'अशी छाती असलेला माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला.' माझ्या छातीबद्दल आजवर फक्त शिंप्याने चौकशी केलेली. मी गप्प बसलो.

पुढचे पाच महिने मी फळी फळी जोडत होतो. ऑफिसातून आलो की जहाज, जेवलो की जहाज. बायको आधी रागावली, मग कंटाळली, आणि शेवटी पाहुण्यांना "हे आत आहेत, तोफा बसवताहेत" असं सहज सांगायला लागली.

तोफा बसल्या, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, शिडं चढली. अडलं ते दोरांवर. डोलकाठी पडू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंनी दोर ताणून धरतात. ते दोर खाली लाकडी चकत्यांना बांधलेले असतात. चकत्यांना तीन तीन भोकं, त्यांतून बारीक दोरी ओवायची आणि ओढून ताण द्यायचा. माझ्या जहाजावर हे सगळं होतं, पण आमच्या गटाच्या प्रमुखांना ते पटेना. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. (पेशाने दातांचे डॉक्टर. बोट लागते म्हणून समुद्रावर जात नाहीत.) त्यांचा निरोप आला, 'तुमचे दोर वाळत घातलेल्या पायमोज्यांसारखे लोंबताहेत. एकदा खऱ्या दोरीला ताण देऊन बघा आणि फोटो पाठवा. आज शेवटचा दिवस.'

आज म्हणजे नेमका सासऱ्यांच्या लग्नाचा दिवस.

सासरे निवृत्त पोस्टमास्तर. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ते आमच्याकडेच राहतात. गेली दोन वर्षं ते रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जात, आणि तिथल्या निवृत्तीला आलेल्या ग्रंथपाल बाई रोज त्यांच्यासाठी तो पेपर बाजूला काढून ठेवत. यातून पुढे जे व्हायचं ते झालं. आधी बायको रडली, मग तिनेच पुढाकार घेतला. अकरा वाजता विवाह नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या होत्या. बायको आणि मेहुणा कागदपत्रं घेऊन पुढे गेले. सासऱ्यांना घेऊन वेळेवर पोचणं, एवढीच जबाबदारी माझ्यावर होती.

"जमेल ना?" बायकोने दोनदा विचारलं होतं.

"अगं, पाच महिन्यांत अख्खं जहाज उभं केलंय मी," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारतेय."

पावणेदहा वाजता मी तयार होऊन बसलो होतो. सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. आत कपडे करत असतील असं मी समजलो. हाताशी तासभर होता. गरम भांडी ठेवायच्या दोन लाकडी चकत्यांना मी आदल्या दिवशीच तीन तीन भोकं पाडून ठेवली होती. (बायकोला ते अजून ठाऊक नव्हतं.) आता दोर बांधायला समोरासमोर दोन भक्कम जागा हव्या होत्या. बोळात एका बाजूला लोखंडी कपाट आहे आणि बरोबर समोर बाथरूमच्या दाराची कडी. निसर्गाने जणू माझ्यासाठीच रचना केलेली. मी एक चकती कपाटाला बांधली, दुसरी कडीला, दोरी ओवली आणि पाय भिंतीला टेकून ओढली. दोर असा ताठ झाला की टिचकी मारल्यावर सूर निघाला. मी कप्तानांनी पाठवलेल्या व्हिडिओतली गाठ मारली. ती गाठ ओढाल तितकी घट्ट होते.

फोटो काढायला फोन उचलला, तोच बाथरूममधून आवाज आला.

"कोण आहे बाहेर? दार उघडत नाहीये."

आमच्या बाथरूमचं दार आत उघडतं. सासरे आतून ओढत होते, आणि प्रत्येक हिसक्यासरशी गाठ आणखी आवळत होती.

"बाबा, तुम्ही आत आहात?"

"मग बोलतंय कोण?"

"ओढू नका. दोन मिनिटांत सोडवतो."

"लवकर करा, जावईबापू. मिशीला कलप लावलाय. वीस मिनिटांत धुवायचा असं डबीवर लिहिलंय, आणि नळाला पाणी नाही."

नळाला पाणी नव्हतं, कारण साडेनऊ ते दोन दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं. तशी सूचना सगळ्या भागाला गेली होती. ती मीच टाइप केली होती. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मी नखांनी गाठ सोडवू लागलो. मग चमच्याने. मग स्क्रू ड्रायव्हरने. कपाट सरकवून बघितलं, ते जागचं हललं नाही. दोर कापायचं का नाही सुचलं, असं तुम्ही विचाराल. सुचलं होतं. पण फोटो राहिला होता. आणि सासरे आत अडकलेले असताना त्या दाराचा फोटो काढण्याइतका निर्लज्ज मी नाही. (आहे, हे पुढे कळेलच.) तेव्हा ना कापणं, ना फोटो, अशा अवस्थेत मी गाठीशी झटत राहिलो.

साडेदहाला बायकोचा फोन आला.

"निघालात?"

"निघतोच आहोत."

"बाबांना द्या जरा."

"ते बाथरूममध्ये आहेत."

"अजून? काय करताहेत?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आधी चकत्यांवर यावं लागलं असतं. मी म्हणालो, "ते बाहेर येत नाहीयेत."

ती हळू आवाजात म्हणाली, "काल रात्री नीट जेवलेही नाहीत. मला वाटलंच होतं. मन फिरलं का हो त्यांचं?"

"मनाचं काही नाही, दाराचं..."

"दार लावून घेतलंय? अरे देवा. त्यांना एकटं सोडू नका." फोन बंद झाला.

मी दाराला पाठ टेकून खाली बसलो. एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. आता सांगणं भागच होतं. मी सासऱ्यांना दारातून सगळं सांगितलं. दोर, चकत्या, कप्तान, गाठ.

"बाबा, रागावलात?"

"नाही. खरं सांगू? दार उघडेना, तेव्हा क्षणभर बरं वाटलं मला."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"सकाळपासून धीर होत नाहीये," ते म्हणाले. "अडुसष्टाव्या वर्षी माणसाने मिशी काळी करून सही करायला जायचं. लोक काय म्हणतील याचं काही नाही. पण तिला पुढे वाटलं की, उगाच केलं, तर? माझं घोरणं तिने ऐकलेलं नाही. वाचनालयात शांतता पाळावी लागते."

"तुम्हाला त्या आवडतात ना?"

"ती पेपर शेवटच्या पानापासून वाचते. पहिल्या पानावर पोचेपर्यंत, म्हणते, धीर आलेला असतो." एवढं सांगून ते म्हणाले, "आवडते."

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या त्या जहाजात एवढं आहे तरी काय?"

असं मला पाच महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बावीस वर्षं मी लोकांच्या गळत्या लिहून घेतोय, बाबा. ही एक गोष्ट अशी, की जिच्यात पाणी शिरत नाही."

"हं," ते म्हणाले. आणि एवढ्या 'हं'ने मला भरून आलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. ठेवणीतले कपडे, हातात पर्स, चेहरा पांढरा पडलेला. बायकोने त्यांना सांगितलं होतं, आणि त्या तडक टॅक्सीने आल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्या आत आल्या आणि बोळाच्या तोंडाशी थांबून, बंद दाराकडे बघत, शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त तोंडाने सांगा."

आतून सासरे म्हणाले, "मी कधीचा तयार आहे. दार तयार नाही."

तेव्हा कुठे बाईंना दोर दिसला. त्यांनी तो कडीपासून कपाटापर्यंत नजरेने वाचला.

"हे काय आहे?"

मी समजावून सांगितलं. डोलकाठीला ताण का लागतो, इथपासून. त्यांनी मध्येच हात वर केला. "कात्री आणा."

मी कात्री आणली, त्यांच्या हातात दिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक मिनिट, फोटो राहिलाय."

पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या माणसाकडे ग्रंथपाल जसं बघत असतील, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काढा," त्या म्हणाल्या. मी काढला. मग त्यांनी दोर कापला. ताण उत्तम बसला होता, याचा पुरावा म्हणून कपाटाकडची चकती सुटून माझ्या कपाळावर बसली.

दार उघडलं. सासऱ्यांचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी बुटासारखी काळी कुळकुळीत. बाई बघत राहिल्या.

"एवढी?" त्या म्हणाल्या.

"पाणी गेलं," सासरे ओशाळून म्हणाले.

बाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग सरळ भिंतीला टेकून हसल्या. मग फ्रिजमधल्या गार पाण्याच्या बाटलीने त्यांनी स्वतः ती मिशी धुतली. सासरे कुडकुडत होते, पण धीर आला असावा, कारण टॅक्सीत ते शीळ घालत होते.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. बायको दारातच होती. बापाला बघून तिने डोळे पुसले, माझं टेंगूळ बघून काही विचारलं नाही. मी खिडकीपाशी गेलो.

"आमची अकराची वेळ होती," मी म्हणालो.

"बसा," आतला कारकून म्हणाला. "साहेबच आले नाहीत अजून. साबण लावल्यावर नळाचं पाणी गेलं म्हणे. पाणीपुरवठ्याचे लोक सांगत नाहीत काही."

बावीस वर्षांच्या नोकरीत आमच्या खात्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. मी सुस्कारा सोडला आणि म्हणालो, "अगदी बेजबाबदार लोक." सव्वाबाराला सह्या झाल्या. चकत्यांबद्दल बायकोला मी परतताना टॅक्सीतच सांगितलं. दिवस शुभ होता म्हणून मी वाचलो.

फोटो बघून कप्तानांनी दोर पास केले. पुढच्या रविवारी माझं जहाज सिम्युलेटरच्या पाण्यात उतरलं. घरचे सगळे कॉम्प्युटरभोवती जमले होते, नवं जोडपंही. फोनच्या स्पीकरवर कप्तान होते. जहाज तरंगलं. बुडालं नाही, कललं नाही, चौऱ्याहत्तर तोफा जागच्या जागी. मला हायसं वाटलं. कप्तानांनी वारा सोडला, शिडं फुगली आणि जहाज ऐटीत निघालं. मागे.

"तुम्ही नाक आणि शेपटी उलट बसवलीत," कप्तान म्हणाले. "पाच महिन्यांत लक्षात नाही आलं?"

"चाललंय ना पण?" बाई म्हणाल्या. "दिशा काय, बघता येईल."

"त्यांना काय विचारता, डॉक्टर," बायको फोनकडे वाकून म्हणाली. "सकाळपासून बनियन पुढचं मागे घालून फिरताहेत."

मी मान खाली घातली. हनुवटीखाली लेबल होतं. मला वाटत होतं डास चावतोय.