लागतंय का काही?

मला जगात कुठेही नेऊन सोडा. डोंगरावर, वाळवंटात, बर्फात. हाताशी एक पातेलं, थोडं पाणी आणि पेट घेईल असं काहीतरी असलं, की मी गरमागरम जेवण करून दाखवतो. वारा कुठून येतोय ते बघून चूल मांडायची, ओल्या काटक्या उन्हात पसरून त्यांच्यावर नजर ठेवायची, चिरायला फळी नसेल तर कांदा हातातल्या हातात चिरायचा, हे सगळं मला येतं. एकच गोष्ट येत नाही. मला चाखता येत नाही.

म्हणजे जीभ धड आहे हो! पण मी धंद्याने दात बनवणारा. कवळ्या, दाढा, सुळे. दिवसभर हात मेणात आणि प्लास्टरमध्ये. ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो त्यांनी बजावून ठेवलं होतं, की काम चालू असताना हात तोंडाकडे गेला तर उद्यापासून येऊ नकोस. ते अंगात असं मुरलं की स्वयंपाक करतानाही माझा हात तोंडाकडे जात नाही. गेलाच तर वाटेत थांबतो. त्यामुळे लग्नापासून आमच्या घरात एक पद्धत आहे. रांधायचं मी, चाखायचं बायकोने. मी पळीतला थेंब तिच्या तळहातावर टाकायचा आणि तिने चाटून निकाल द्यायचा. निकाल बहुधा एकच असे: "मीठ कमी आहे." मग मी मीठ घालायचो आणि जेवणारे माझं कौतुक करायचे.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिला सगळे बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो, आणि एकदा बाई म्हटलं की पुढचं अहोजाहो आपोआप येतं. तर बाईंनी उभी हयात फळ्यावर ज्वालामुखी काढले. हिमनद्या काढल्या. खडूने नदीला फाटे फोडून ती समुद्राला नेऊन मिळवली. यातलं प्रत्यक्षात काही म्हणजे काही पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर जग बघायचं, चालत बघायचं, तंबूत राहायचं, असं आमचं केव्हाचं ठरलेलं होतं.

निवृत्तीच्या तोंडावर त्यांना ताप आला. ताप गेला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार, वाट बघा. वाट बघणं हा माझा स्वभाव नाही. बाई औषध घ्यावं तशा जेवायला लागल्या. ताटातलं संपवायचं, पाणी प्यायचं, उठायचं. मी तळहातावर थेंब टाकायचंही बंद केलं, कारण विचारून उपयोग काय? आधीच मीठ सढळ हाताने घालायला लागलो, म्हणजे त्यांनी सांगितल्यासारखंच. खरं सांगतो, मला फार भीती वाटायची. या बाईला आता कधी काही आवडणारच नाही, आणि आवडलं नाही तर मी तिच्यासाठी करू तरी काय, अशी.

म्हणून निघताना मी मेहुण्याला छातीठोकपणे सांगितलं की तुमच्या बहिणीची चव घेऊनच परत येतो. जगात इतकं खायला आहे, कशाने ना कशाने जीभ जागी होईलच. बाईंनी नकाशावर डोंगर आणि नद्या धरून रस्ता आखला. मी त्याच रस्त्यावरचे बाजार हेरून ठेवले.

त्यानंतर जे झालं त्याला प्रवास म्हणायचं की औषधोपचार ते तुम्हीच ठरवा. बाई ज्वालामुखीच्या काठावर उभ्या. खाली धूर, गंधक, लाल कपारी. मी त्यांच्या तोंडासमोर भाजलेली मिरची धरलेली. "लागतंय का काही?" वाळूच्या टेकडीवर धापा टाकत चढलो, तर वर पोचल्या पोचल्या मी पिशवीतून लिंबू काढलं आणि अर्धं त्यांच्या जिभेवर पिळलं. "लागतंय का?" बर्फाच्या डोंगरांमधून जाणाऱ्या होडीत मी खारवलेल्या, मुरवलेल्या माशाचं भांडं उघडलं. त्याचा वास असा सुटला की बाकीचे प्रवासी एकजात दुसऱ्या बाजूला सरकले आणि होडी कलली. नावाडी त्याच्या भाषेत मला काय वाटेल ते बोलला. बाईंनी मात्र तो मासा शांतपणे खाल्ला. मी डोळ्यांत प्राण आणून विचारलं, कसा आहे? त्या म्हणाल्या, गार आहे.

असं करत करत आम्ही एका मोठ्या तळ्याकाठी तंबू ठोकला. शेजारच्या तंबूत एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा कुत्रा होता. नवरा जन्मभर बोटीवर काम केलेला, तंबूची दोरीसुद्धा जहाज बांधावं तशी बांधायचा, म्हणून आम्ही त्याला कप्तान म्हणायचो आणि तिला कप्तानीण. भाषा वेगळी, पण हातवाऱ्यांवर आणि दोन्हीकडच्या मोडक्या शब्दांवर बरं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना साधं टोमॅटोचं सूप दिलं आणि नेहमीसारखा त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. बाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आंबट आहे."

मी उभाच राहिलो. पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या की हो, आंबटसर लागलं, मागून जरा गोडही. मी त्यांना मिठी मारली, सूप सांडलं, आणि मी तसाच अनवाणी कप्तानाच्या तंबूकडे धावलो. बातमी सांगायची तर शब्द येईनात. मी बाईंकडे बोट केलं, तोंडाकडे केलं, जीभ काढून दाखवली आणि आकाशाकडे हात जोडले. माझा धंदा त्याला ठाऊक होता. त्याने तिथल्या तिथे निष्कर्ष काढला की बाईंना नवी कवळी बसली. संध्याकाळी दोघं भेट घेऊन आली. पिशवीभर अक्रोड, सालासकट! आणि समोर बसून दातांनी फोडून दाखवा असा आग्रह. बाईंचे दात स्वतःचे आणि पक्के आहेत, त्यांनी एक फोडून दाखवला. कप्तानाने उठून माझ्याशी हात मिळवला. एवढी शाबासकी मला धंद्यात कधी मिळाली नव्हती, तेव्हा मीही ती मुकाट घेतली.

पुढचे दिवस फार चांगले गेले. मी निर्धास्त झालो होतो. बाजार नाही, मिरच्या नाहीत, प्रश्न नाहीत. आम्ही तळ्याला पायी वळसा घातला. बाईंनी मला दाखवलं की हे तळं हिमनदीने खणलंय, ती सरकली तेव्हा हे दगड इथे टाकून गेली. एका खडकावर ओरखडे होते, त्यांवर त्या हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, हे मी मुलांना सांगायचे, पण माझा स्वतःचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. मला वाटलं, बघा, जेवण गोड लागायला लागलं की माणूस कसा फुलतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी कप्तान आणि कप्तानिणीला जेवायला बोलावलं. उघड्यावरची चूल, मोठं पातेलं, त्यात बटाटे, गाजर, घेवडा, भरपूर टोमॅटो. आता मीठ सढळ घालायचा हात बसलाच होता, तसं घातलं. मग मला आमची जुनी पद्धत आठवली. मी पळी घेऊन बाईंकडे गेलो. त्या कप्तानिणीला पलीकडचा कडा दाखवत होत्या. त्यांनी न बघताच हात पुढे केला, थेंब चाटला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

काय सांगू! हे शब्द मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो. मी मूठभर मीठ घातलं. बटाटे शिजल्यावर पुन्हा गेलो, खरं तर तेच शब्द पुन्हा ऐकायला. मीठ कमीच होतं. पुन्हा घातलं. उतरवायच्या आधी आणखी एकदा गेलो, तेव्हा म्हणाल्या, आता जवळजवळ आलंय, किंचित घाला. मी किंचित घातलं. माझं किंचित त्या दिवशी मोठं होतं.

रांधणाऱ्याने आधी सगळ्यांना वाढायचं आणि मग बसायचं, ही माझी रीत. मी सगळ्यांना वाढलं. कप्तानाने पहिला घास घेतला आणि तो थांबला. मिशी थरथरली. मग त्याने पाण्याचा तांब्या उचलला तो खाली ठेवेचना. कप्तानिणीने पावाचा मोठा तुकडा तोडला, त्यावर रश्श्याचा ठिपका लावला आणि डोळे मिटून गिळला. त्यांचा कुत्रा वास घेऊन माझ्याकडे पाठ करून बसला. कप्तानाने हातवारे करून विचारलं, तुमच्याकडे ऊन फार असतं का, लोकांना घाम फार येतो का? मी म्हटलं, हो, फार. त्याने समजल्यासारखी मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं. पण बाईंचं ताट रिकामं झालं आणि त्यांनी आणखी मागितलं. घरच्या बाईने दुसऱ्यांदा घेतलं म्हटल्यावर पाहुण्यांना काय करता येणार? कप्तानाने बायकोकडे पाहिलं, बायकोने कप्तानाकडे, आणि दोघांनी ताटं पुढे केली. वादळात बोट हाकलेला माणूस तो, पण ताट पुढे करून त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी म्हटलं, वा, मंडळींना आवडलं! आणि काठोकाठ वाढलं.

मग मी माझं ताट घेतलं, खाली बसलो आणि पहिला घास तोंडात घातला.

तो घास आत जाईना आणि बाहेरही काढता येईना. जिभेला चटका बसला, कानांतून वाफ निघाली. कसाबसा गिळला आणि बाईंकडे पाहिलं. त्या तोच रस्सा चमच्याने तोंडात घालत होत्या, सावकाश, सुखाने, आणि कप्तानिणीला हाताने दाखवत होत्या की हिमनदी कुठून उतरली असेल. तेव्हा मला कळलं. चव आली नव्हती. सूप आंबट असतं हे त्यांना माहीत होतं, एवढंच. आणि माझ्या हातून मीठ कमी पडतं हेही माहीत होतं, संसारभराच्या अनुभवावरून.

मेहुण्याला काय सांगायचं वगैरे नंतर, आधी मला रडूच आलं. पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? मी दुसरा घास घेतला आणि म्हटलं, छान झालंय.

बाईंचा हात थांबला. मी माझ्या स्वयंपाकाला त्यांच्या आधी कधी छान म्हटलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कप्तानाच्या रिकाम्या तांब्याकडे, मग कप्तानिणीच्या ताटाकडे.

"खूप खारट आहे का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. "चव आली नाही ना?"

"नाही."

"मग आली असं का सांगितलंत?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. "तुम्ही सारखे माझ्या तोंडाकडे बघत होता. मागे ज्वालामुखी होता, अहो. तुम्ही तो पाहिलाच नाहीत. मी वळून म्हणायचे बघा, तर तुमच्या हातात कधी मिरची, कधी लिंबू. चव गेली त्याचं मला वाईट वाटतं. रोज वाटतं. पण 'नाही लागत' म्हटलं की तुमचा चेहरा असा पडायचा, की माझं दुःख बाजूला ठेवून मला तुमचंच सांभाळावं लागायचं. म्हणून म्हटलं, आली."

जगभर मी या बाईला खायला घालत हिंडलो, आणि तिला हवं होतं ते एवढंच, की कोणीतरी शेजारी उभं राहून तिच्याबरोबर समोर बघावं. मी तसं कबूल केलं. फार काही नीट जमलं नाही, जीभही सुजल्यासारखी झाली होती.

बाई म्हणाल्या की ते असू दे, आता खरं सांगा, हे झालंय कसं? मी सांगितलं. आधी घशाला काय होतं, मग कानाला काय होतं, बटाटा तोंडात फुटल्यावर आत काय दडलेलं निघतं. त्या ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता हसायला लागल्या. मग त्यांना ते आवरेना. कप्तान आणि कप्तानिणीला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आता चमचा खाली ठेवला तरी चालेल एवढं कळलं, आणि तीही दोघं मोकळेपणाने हसली. कप्तान उठून तळ्यावरून पाणी भरून आणायला गेला.

बाईंनी डोळे पुसले. उरलेला रस्सा आमच्या दोघांच्या ताटांत सारखा वाढला. पातेल्यातलं काही टाकून द्यायचं नाही हा त्यांचा जुना नियम. मग माझ्याजवळ सरकून बसल्या आणि तळ्याकडे तोंड करून निवांत जेवायला लागल्या. मीही तळ्याकडेच बघत जेवलो. पाण्यावर पलीकडच्या कड्याची सावली उतरत होती. ती खरंच बघण्यासारखी होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मीठ. त्यांनी विश्वास ठेवला. पडताळून बघायची सोय नव्हती ना!