दोन बोटं उंच गाडी

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या दारात काय उभं आहे त्यावरून ठरते, असं दोंडाईच्याचे कापसाचे व्यापारी सुरेशचंद शेठ मानत. त्यांच्या दारात काहीच उभं नव्हतं. गाडी होती, पण ती वर्षभर दाराबाहेर, रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली उभी होती आणि तिच्यावर शेठपेक्षा कावळ्यांचा हक्क जास्त होता.

गाडी अमेरिकन होती. लाल, लांबलचक, दोन दरवाजांची, आठ सिलिंडरची. मुंबईत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात शेठनी ती घेतली तेव्हा कापसाचे दिवस होते. मग सरकारनं कापसाची खरेदी स्वतःकडे घेतली, पाऊस फिरकला नाही, जिनिंगच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि वर पेट्रोल महागलं. गाडी तेवढी राहिली. गाव तिला मगर म्हणत असे.

मगर आत येत नव्हती ती कमानीमुळे. शेठनी वडिलांच्या नावाची दगडी कमान उभारली तेव्हा ती चांगली उंच होती. पुढे दर उन्हाळ्यात रस्त्यावर मुरूम पडत गेला, रस्ता वर आला आणि कमान जागच्या जागी राहिली. भलीभली माणसं वाकून आत येऊ लागली. शेठना त्यात काही वावगं वाटत नसे. गाडी मात्र वाकत नव्हती. टप दोन बोटांनी अडत होता.

हे असंच चाललं असतं. पण मुलगा निर्मलकुमार तिशीला आला होता आणि त्याची दोन स्थळं येऊन परत गेली होती. आता जळगावचे कन्हैयालाल, तेही कापसाचेच व्यापारी, त्यांच्या मुलीसाठी, राजकुंवरसाठी, बोलणं चालू होतं. त्यांचा निरोप आला: मंगळवारी दुपारच्या पॅसेंजरनं स्वतः येतो.

"स्वतः येतात म्हणजे होकार," शेठ म्हणाले. "नाही म्हणायला कोणी एवढा प्रवास करतं का?"

"पण ते विचारतील, गाडी कुठाय?" शेठाणी सूरजबाई म्हणाल्या. "मागच्यांनी विचारलंच होतं. रस्त्यावर आहे म्हटलं, तर म्हणाले, मग रस्त्याचीच असेल."

म्हणून धुळ्याहून गिरधर मिस्त्रीला बोलावलं. त्याचा जन्म ट्रकांखाली गेला होता. त्यानं कमानीला प्रदक्षिणा घातली, गाडीला घातली आणि निदान सांगितलं.

"शेठ, दोनच रस्ता शेतस. कमान तोडा, नई ते टप कापा."

"कमान वडिलांची आहे."

"मंग टप कापू."

"शुभकार्याच्या तोंडावर कापाकापी?" शेठ कळवळले. "एक ओरखडा उठता कामा नये. न कापता खाली कर."

"स्प्रिंगचे पाटे काढू का मागचे?"

"आणि ते पुन्हा बसले नाहीत तर? अमेरिकेला जाऊ का पाटे आणायला?"

चाकांतली हवा सोडा, हा सल्ला एव्हाना रस्त्यावरच्या प्रत्येकानं देऊन झाला होता. गिरधरनं तोही करून पाहिला. रिमा दगडी उंबऱ्यावर टेकल्या, गाडी जागची हलेना, आणि पुन्हा हवा भरता भरता गिरधरच्या सदऱ्याचं पोतेरं झालं.

"आते एकच," तो म्हणाला. "वजन. वजन पडनं का गाडी बसस."

सरकीची पोती सुचली, पण पाहुण्यांच्या सीटवर सरकी सांडलेली शेठना चालणार नव्हती. शिवाय सरकी उरली नव्हती. तेव्हा घरातलीच माणसं घ्यायचं ठरलं. पुढे स्टिअरिंगवर निर्मलकुमार, शेजारी शेठ आणि मुनीमजी. मागे सूरजबाई, स्वयंपाकी महाराज आणि शेठच्या थोरल्या विधवा बहीण मोहनबाई, ज्यांच्यावर गिरधरची खरी भिस्त होती.

"मी देवदर्शनाला नाही कधी बसले या गाडीत," मोहनबाई आत शिरत म्हणाल्या, "आणि आज वजन म्हणून बसतेय."

"अक्का, मुलाच्या लग्नासाठी."

"माझ्या भाच्याच्या नशिबात काय वाढून ठेवलंय कोण जाणे."

गाडी खाली बसली. निर्मलकुमारनं ती इंचाइंचानं पुढे घेतली. बॉनेट कमानीतून गेलं, काच गेली, दोन्ही दरवाजे आतल्या अंगणात आले. आता टपाचा मागचा भाग तेवढा कमानीखाली होता आणि डिकी बाहेर रस्त्यावर. टप आणि दगड यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी जागा होती. गिरधर श्वास रोखून बघत होता.

दुपारची पॅसेंजर रोज तासभर उशिरा येत असे. त्या मंगळवारी ती वेळेवर आली होती.

"जय जिनेंद्र!" मागून आवाज आला. रस्त्यावर, डिकीपाशी, कन्हैयालाल हात जोडून उभे होते.

होणारे व्याही उभे आहेत आणि आपण गादीवर बसलो आहोत, हे शेठच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. ते ताबडतोब उतरले. मालक उभे राहिल्यावर मुनीमजी बसणं शक्य नव्हतं. मुनीमजी उतरले म्हणून महाराज उतरले. बायका पदर डोक्यावर ओढून उतरल्या. निर्मलकुमारला सासऱ्यांच्या पाया पडायचं होतं.

"उतरू नका! उतरू नका!" गिरधर ओरडत होता. पण शिष्टाचारात मिस्त्रीचं कोण ऐकतं?

गाडी हलक्या मनानं वर आली. 'कर्र' असा आवाज झाला. कमानीचा एक दगड सरकला आणि वडिलांच्या नावाआधीचं 'कै.' गळून टपावर पडलं.

"बठ्ठा उतरनात, गाडी वर उनी," गिरधर कुणाकडेही न बघता म्हणाला.

आता घरातले सगळे आत होते, पाहुणे बाहेर होते आणि मध्ये बुचासारखी मगर होती. खांब आणि गाडी यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. शेठनी त्या फटीतून हात जोडले.

"पधारो, पधारो! म्हणजे... जरा थांबा."

"सुरेशचंदजी, मला फक्त एक सांगायचं होतं..."

"आधी चहा. बोलणी मग."

चहा फटीतून दिला गेला. कप कसाबसा गेला, बशी गेली नाही. कन्हैयालाल रस्त्यावर उभं राहून तो तसाच भाजत भाजत प्यायले. तोवर बघ्यांची गर्दी जमली होती आणि तिचं एकमत होतं, की चाकांतली हवा सोडावी.

सगळे पुन्हा गाडीत बसले. ती खाली गेली, पण दगडही सरकून खाली आला होता. टप सुटेना.

"आजून वजन पायजे," गिरधर म्हणाला. "मांगे, डिकीवर." आणि फटीतून तो बाहेर जळगावच्या पाहुण्यांकडे बघू लागला. त्यांची अंगकाठी भरदार होती.

"गिरधर!" शेठ गाडीतून ओरडले. "व्याही आहेत ते!"

"असू द्या, असू द्या," कन्हैयालाल म्हणाले. सज्जन माणूस. त्यांनी धोतर सावरलं, कप एका बघ्याच्या हाती दिला आणि ते डिकीवर चढून बसले. गाडी आणखी बोटभर खचली.

"आता सांगूनच टाकतो," ते मागच्या काचेकडे वाकून म्हणाले. "नाही म्हणायचं तर ते पोस्टानं कळवू नये, समोर जाऊन सांगावं, असं आमच्या वडिलांचं म्हणणं होतं. म्हणून आलो. राजकुंवरचं धुळ्याला ठरलं."

गाडीत कोणी हललं नाही. मोहनबाईंनी डोळे मिटले. निर्मलकुमार समोरच्या स्टिअरिंगकडे बघत राहिला, आणि सूरजबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो तसाच राहिला. मघापासून गिरधर ज्या स्थिर वजनासाठी देवाला साकडं घालत होता, ते त्याला आयतं मिळालं.

"लोटा रे!" तो बघ्यांना म्हणाला.

गाडी लोण्यातून जावी तशी सरकली. टपावर एक ओरखडा उठला नाही. डिकीवर पालथे झालेले कन्हैयालालही तिच्याबरोबर आत आले. मगर थेट दारासमोर जाऊन थांबली. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग आपली चूक समजून थांबला.

शेठ सर्वांत शेवटी उतरले. त्यांनी पाहुण्यांना हात देऊन डिकीवरून खाली घेतलं.

"आमच्यात काय कमी होतं?"

"काही नाही हो. मुलगा सोन्यासारखा आहे," कन्हैयालाल धोतर झटकत म्हणाले. "पण मीही कापसातलाच. आपलं आता काय राहिलंय? तो धुळ्याचा मुलगा बँकेत आहे. पहिल्या तारखेला पगार होतो."

शेठनी मान हलवली. ते त्यांना पटलं होतं, हेच वाईट होतं. मग दारात उभ्या असलेल्या गाडीकडे एकदा बघून त्यांनी हळूच विचारलं, "त्यांच्याकडे गाडी कोणती आहे?"

"सायकल," कन्हैयालाल म्हणाले.