बोरकुट्यांच्या तलावाचं पांघरूण

बोरकुट्यांच्या घरी जेवायला गेलं की दारात आधी बूट काढायचे आणि मग वजनकाट्यावर उभं राहायचं. थट्टा करत नाही. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणालाही विचारा. बुटांच्या रॅकशेजारी बाथरूममधला पांढरा काटा मांडलेला असे आणि त्याच्या पलीकडे स्वतः शंकरराव बोरकुटे उभे असत. वय साठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात आलेखाच्या कागदांची वही. तुमच्या हातात मसालेभाताचं पातेलं असलं तर ते आधी खाली ठेवायला लागे. या काट्यापायी निम्म्या बायकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं होतं. एका बाईंनी काट्यावर चढायला साफ नकार दिला आणि आपलं वजन तोंडी सांगितलं, तेही बहुधा लग्नाच्या वेळचं. बोरकुट्यांनी ऐकून घेतलं, पण वहीत काही लिहिलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी? तर पोहायच्या तलावावर हिवाळ्यात घालायचं कव्हर निवडण्यासाठी.

बोरकुटे मूळचे नागपूरचे. वुस्टरच्या एका कंपनीत नद्यांवरच्या पुलांची डिझाइनं तपासून तपासून माणूस पार कामातून गेलेला. त्यांना जगाबद्दल एकच प्रश्न पडे : "लोड किती धरला?" मी घराला नवा लाकडी डेक, म्हणजे आपला ओटाच, बांधला. लोकांनी कौतुक केलं. बोरकुटे त्यावर एक पाय ठेवून म्हणाले, "लोड किती धरला, भाऊ?" एका लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेले आणि अक्षता टाकायचं सोडून खाली वाकून स्टेजचे पाय बघत बसले. मागे अहेराची रांग खोळंबली. मी नवऱ्यामुलाच्या बाजूचा होतो, त्यामुळे त्यांना खाली उतरवून आणायचं काम माझ्याकडे आलं.

बायको गेल्यावर त्यांनी अपार्टमेंट सोडलं आणि त्र्याण्णव साली आमच्या शेजारचं घर घेतलं. एकुलता एक मुलगा अर्विंगला, टेक्सासात. एकट्या माणसाला चार बेडरूमचं घर कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "फाउंडेशन फस्क्लास आहे." फाउंडेशनबरोबर मागच्या अंगणात जमिनीत बांधलेला भलामोठा स्विमिंग पूल आला, म्हशीबरोबर रेडकू यावं तसा. बोरकुट्यांना पोहता येत नव्हतं. ते त्याला 'टाकं' म्हणत आणि त्याच्या काठाने जाताना भिंतीचा आधार घ्यावा तसे कुंपणाच्या बाजूने जात.

आता तुम्हाला मॅसॅच्युसेट्सच्या थंडीची कल्पना नसेल तर सांगतो. ऑक्टोबर आला की पुलाचं पाणी थोडं उतरवायचं, औषध टाकायचं आणि वर कव्हर घालायचं. ते मे महिन्यात काढायचं. कुठलंही दुकान अर्ध्या तासात कव्हर विकतं. बोरकुट्यांना त्याला तीन हिवाळे लागले.

मला काय त्याचं, असं म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या पुलाला कुंपण होतं, पण आधीच्या मालकांनी आमच्या अंगणातून ये-जा करायला त्यात एक फाटक ठेवलं होतं. आणि आमची मिनू तेव्हा तीन वर्षांची. फाटकाचा खटका तुटलेला होता, आमच्या बाजूचा. तो मी येत्या शनिवारी बसवणारच होतो. तोवर त्यांनी ते टाकं एकदाचं झाकावं, एवढीच माझी मागणी होती. ती मी दर आठवड्याला करत असे.

"काहून घाई करून राहिले, भाऊ?" ते म्हणत. "अभ्यास चालू आहे."

पहिल्या वर्षी अभ्यास होईपर्यंत तात्पुरती म्हणून त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची निळी ताडपत्री मागून आणली आणि पुलावर पसरून तिच्या दोऱ्या अंगणातल्या चार खुर्च्यांना बांधल्या. पुलांचा इंजिनियर बरं का! डिसेंबरात दीड फूट बर्फ पडलं आणि चारही खुर्च्या रांगेने पुलात गेल्या. पुढच्या भाद्रपदात तीच ताडपत्री धुऊन गणपतीवर लावली, तर आरतीभर बेडकांचा वास येत होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा मी खुर्च्यांचं वर्णन इतकं रंगवून केलं की अध्यक्षांच्या नाकातून चहा आला.

दुसऱ्या वर्षी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी दुकानातलं एक जाड प्लास्टिक आणलं. त्याच्या कडांवर पाण्याने भरलेल्या लांब पिशव्या वजनासाठी ठेवायच्या होत्या. जानेवारीत पिशव्या गोठून फुटल्या. प्लास्टिक मधोमध खाली बसलं आणि मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर त्याच्यावर गुडघाभर पाण्याचं तळं झालं. त्यात बदकं आली. मी फोटो काढून ऑफिसात दाखवले.

त्याच मार्चमधली गोष्ट. रविवारची सकाळ, मी स्वयंपाकघरात पेपर वाचत होतो. मिनूचा लाल चेंडू फाटकातून पलीकडे जाऊन त्या तळ्यात पडला होता, आणि ती एक पाय प्लास्टिकवर ठेवून वाकली होती. हे मला नंतर कळलं. आधी ऐकू आला तो बोरकुट्यांचा आवाज. हा माणूस कोट न घालता, पायांत नुसते मोजे, लंगडत अंगणात उरलेल्या बर्फातून येत होता आणि पोरीवर ओरडत होता, "हट! हट मागं! गेट ऑफ!" दोन पावलांवर घसरून पडले, तरी ओरडणं चालूच. मी बाहेर धावलो. मिनू घाबरून रडत काठावर उभी होती. बोरकुटे बर्फात बसून प्लास्टिककडे बघत होते.

माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या भयंकर चिडल्या. "चिंधीभर प्लास्टिकसाठी लेकरावर असं खेकसतात का?" मलाही तेच वाटलं. बोरकुट्यांनी माफीबिफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाथरूमचा काटा काखेत मारून आमच्या दारात हजर झाले आणि म्हणाले, "पोरीचं वजन करायचं होतं."

"अहो, लेकराला असं तोलू नये," सासूबाई म्हणाल्या. "दृष्ट लागते."

 बोरकुटे काटा घेऊन परत गेले. त्या महिन्याच्या पॉटलकपासून, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणून केलेल्या जेवणापासून, त्यांच्या दारात तो काटा आला आणि लहानथोर सगळ्यांची वजनं सुरू झाली. सगळ्यांचीच होताहेत म्हटल्यावर सासूबाईंची हरकत उरली नाही. त्या स्वतः चढल्या आणि काटा जास्त दाखवतो म्हणाल्या. मिनूला तर तो खेळच झाला. ती रांग मोडून पहिली उभी राही आणि ओरडून पौंडांचा आकडा सांगे, "थर्टी-नाइन, लोडआजोबा!" मी बायकोला म्हणालो, वैशाली, माणूस शंभर टक्के वेडा झालाय, आता हा आपल्या वजनांवर परिषदेत पेपर वाचणार.

पुढे सात महिने त्यांनी आम्हा सगळ्यांचा जो छळ केला त्याला तोड नाही. जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात कव्हरांचे नमुने द्यायचे. ते ओढा म्हणायचे, चुरगळा म्हणायचे. एकदा जाळीदार कापडाचा तुकडा पातेल्यावर ताणून धरला आणि वैशालीने केलेली कढी त्यातून गाळली. कढी खाली गेली, मोहरी वर राहिली. "पाहा," ते म्हणाले, "पाणी थांबत नाही. वर तळं होतच नाही." आम्ही कढीशिवाय भात खाल्ला.

दुकानात ते मलाही ओढून नेत. तिथला सेल्समन भला गृहस्थ, उगाच तोंड वाकडं न करणारा. बोरकुट्यांनी त्यालाही तेच विचारलं : लोड किती? तो म्हणाला, "प्लेंटी, सर."

"प्लेंटी हा आकडा नाही," बोरकुटे म्हणाले. ते चार वेळा तिथे गेले. पाचव्या वेळी त्यांना येताना पाहून तो सेल्समन गोदामात जाऊन बसला.

एका रविवारी तर कमाल झाली. मी दारात बूट काढायला वाकलो तर म्हणाले, "तुम्ही राहू द्या. बुटांसकट चढा." बाकी सगळे मोज्यांवर आणि मी एकटा बुटांसकट. माझ्या मोज्यांना वास येतो असं चारचौघांत सुचवण्याची ही नागपुरी तऱ्हा असावी, असं समजून मी महिनाभर त्यांच्याशी नीट बोललो नाही.

शेवटी पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात, पहिल्या शनिवारी, कव्हर आलं. तीच हिरवी जाळी. दोन माणसांनी सिमेंटच्या काठात भोकं पाडून पितळी खुंट्या बसवल्या आणि स्प्रिंगच्या पट्ट्यांनी जाळी अशी ताणली की वर पत्र्याची कढई सोडली तर उसळावी. माणसं गेल्यावर बोरकुट्यांनी बासमतीची पोती एकेक करून जाळीवर ठेवली. मग कानटोपी घालून, रांगत, स्वतः मधोमध गेले. पोहता न येणारा हा माणूस आठ फूट पाण्यावर मांडी घालून बसला. मी कुंपणाशी उभा राहून हसत होतो. आता मंडळाच्या पुढच्या मीटिंगला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

"भाऊ, टेबलावरची वही आणता का?" त्यांनी तिथूनच हाक मारली. "बेरीज पुन्हा पाहून घेतो."

मी आत गेलो. एका माणसाचं जेवणाचं टेबल, एक ताट पालथं घातलेलं, शेजारी वही. टेबलाची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलेली होती. खिडकीतून पूल आणि आमचं फाटक दिसत होतं, दुसरं काही नाही. वही मी उघडली ती कुचेष्टेनेच. सगळ्यांची वजनं होती, माझ्या सासूबाईंचंसुद्धा, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने एक सरळ रेघ मारलेली. ती वजनं बेरजेत धरलेलीच नव्हती. शेवटच्या पानावर एक आलेख होता. दर महिन्याचा एक ठिपका, आणि शेवटच्या ठिपक्यापुढे तुटक रेघ चढत गेलेली, टोकाशी लिहिलेलं : 'मिनू, वय दहा.' त्याखाली स्वच्छ अक्षरात :

'मिनू, आज — ४१. बर्फातले कपडे, ओले बूट — ७. दहा वर्षांची होईपर्यंत — ८०. उडी मारली तर दुप्पट धरावे.

मागून धावत येणारा बाप, बुटांसकट — १७८.

आई — १३२. तीही थांबणार नाही.

मी — धरू नये. गुडघे. वेळेत पोचणार नाही.'

मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. मला लाज वाटली. ज्या फाटकाचा खटका मी दोन वर्षं बसवला नव्हता, त्या फाटकाकडे तोंड करून हा माणूस रोज जेवत होता. त्या मार्चच्या सकाळी तो कुणासाठी धावला होता आणि किती पावलांत पडला होता, हे मला आत्ता दिसलं.

बाहेर आलो तेव्हा बोरकुटे रांगत काठावर आले होते आणि गुडघे चोळत होते. मी वहीबरोबर दारातला काटाही उचलून आणला होता. तो मी त्यांच्यासमोर सिमेंटवर ठेवला.

"हे काहून?" त्यांनी विचारलं.

"काका, एक वजन राहिलंय," मी म्हणालो. तोवर मी त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं.

"माझं काय करता? मी कुठं पोचतो, भाऊ?"

"उशिरा पोचाल. पण याल ना?"

त्यांनी कानटोपी काढून खिशात घातली. मग माझ्या खांद्याला धरून, बुटांसकट, काट्यावर चढले. चष्मा धुकटला होता, त्यामुळे आकडा त्यांना दिसेना. मीच वाकून वाचला आणि 'धरू नये' खोडून तिथे लिहिला : १४६. मग घरी जाऊन मी खटक्याचे स्क्रू शोधले.