ट्रॅकबॉल आणि बाबांची दोन अक्षरं

कुठलीही वस्तू घरात आणण्याआधी तिचे फायदे-तोटे कागदावर मांडणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये सापडायचा नाही. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात मी मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग्ज काढतो, आणि वीस वर्षांत माझं एकही माप चुकलेलं नाही. त्यामुळे बाबांसाठी ट्रॅकबॉल आणताना यात काही गडबड होईल असं माझ्या मनालाही शिवलं नाही.

बाबा म्हणजे चिंतामणराव, गणिताचे रिटायर्ड मास्तर. मार्चमध्ये त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. समजत सगळं होतं, पण जीभ वळायची नाही. पाणी हवंय की पंखा बंद करायचाय, हे आम्ही वीस प्रश्न विचारून ओळखायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या यायच्या.

ट्रॅकबॉल माझ्या शेजारी बसणाऱ्या नीरजचा. त्याचं टेबल नमुन्याच्या पार्टांनी इतकं भरलेलं असतं की माऊस सरकवायला जागाच उरत नाही. ट्रॅकबॉल म्हणजे उताणा पडलेला माऊसच. वरचा गोळा बोटांनी फिरवायचा, स्क्रीनवरचा बाण पळतो, आणि यंत्र जागचं हलत नाही. नीरजने नवा घेतला आणि जुना मला दिला. मी लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांची वर्णमाला मांडली. खालच्या ओळीत काना-मात्रा. बाण अक्षरावर नेऊन बटण दाबलं की ते वर उमटायचं.

रविवारी संध्याकाळी मी बाबांच्या डाव्या हाताखाली ट्रॅकबॉल ठेवला आणि फायदे-तोटे समजावायला लागलो. मनगट हलवावं लागत नाही, हा फायदा. कॉटवर गादीतही चालतो, हा दुसरा. तोटा एवढाच की सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात.

"दोन-तीन महिने?" इंदुमती आत्या म्हणाली आणि गप्प झाली.

आत्या बाबांची धाकटी बहीण. रोज परदेशीपुऱ्याहून येऊन त्यांच्या दोन्ही हातांना तेल चोळून पावडर लावायची. तिच्या त्या गप्प होण्यावरून बोलणं भलतीकडेच गेलं. डॉक्टर काय म्हणाले, दुसरा झटका कधी येऊ शकतो, परदेशीपुऱ्यात अशाच एका माणसाचं पुढे काय झालं. माझी बायको शिवांगी म्हणाली की पुढेमागे हॉस्पिटलवाली कॉट लागेल, पण ती दारातून आत येणार नाही. मी लगेच टेप आणून दाराचं माप घेतलं. हे सगळं बाबांच्या उशाशी उभं राहून.

तेवढ्यात शिवांगीने माझा हात धरला. स्क्रीनवर दोन अक्षरं उमटली होती. विष.

बाबांचा अंगठा गोळ्यावर जोर करत होता, घामाने कपाळ भिजलं होतं. बाण त्या ओळीतच इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता. मी ट्रॅकबॉल काढून घेतला. त्यांनी हात कॉटवर दोनदा आपटला. आत्या पदर तोंडात घालून रडायला लागली.

त्या दिवसापासून आमच्या घरात पहारा बसला. फिनाईल शेजाऱ्यांकडे गेलं, गोळ्यांचा डबा कपाटात कुलपात गेला. आत्या कपडे घेऊन राहायलाच आली आणि मनुष्यजन्म किती दुर्लभ, ते कॉटशी बसून सांगायला लागली. मी ऑफिसातून आलो की जगण्याचे फायदे सांगायचो. तोटे मुद्दाम गाळायचो. बाबा हात आपटायचे. जितकं आपटायचे तितके आम्ही घाबरायचो. शेवटी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मन शांत राहण्याची गोळी दिली. मग बाबा दिवसभर झोपायला लागले आणि आम्ही एकमेकांना म्हणालो की चला, आराम पडला.

आठवड्याने नीरजने सहज विचारलं, ट्रॅकबॉल कसा चालतोय? मी सगळं सांगितलं. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्याने विचारलं की बाण आडवा फिरत होता की उभाही फिरत होता. मी आठवून बघितलं. फक्त आडवा.

"भिया," तो म्हणाला, "बॉल निकालके रोलर साफ किए थे क्या?"

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी गेलो. गोळा काढला. आत एका रोलरवर जुन्या मळात आत्याचं तेल आणि पावडर मिसळून काळा चिकट थर बसला होता. बाण वर-खाली नेणारा तोच रोलर; 'ष'पर्यंत कसाबसा फिरून तो अडकला होता. माझ्या वर्णमालेत 'य' हा 'ष'च्या वरच्या ओळीत होता.

रोलर पुसले आणि ट्रॅकबॉल पुन्हा बाबांच्या हाताखाली ठेवला. गोळीच्या गुंगीत त्यांना अकरा मिनिटं लागली.

विषय बदला.

आत्याने हातातली जपाची माळ खाली ठेवली. माफी मागितली तर तोच विषय पुन्हा निघणार होता. "बदलतो, बाबा," एवढंच म्हणालो. मग आम्ही तिघं कॉटभोवती बसलो, आणि कुणाला दुसरा विषयच सुचेना. मार्चपासून त्या खोलीत आजाराशिवाय कुणी काही बोललंच नव्हतं. बाबा वाट बघत होते, एकेकाच्या तोंडाकडे पाहत.

शेवटी शिवांगी अडखळत म्हणाली, "बाबा, आज गिलक्याची भाजी करू?"

बाण हलला. न, मग क, मग मात्रा.

"नको."

आम्ही तिघंही हसलो, आत्या तर डोळे पुसत पुसत. मग शिवांगीने फ्रिज उघडून बघितला. गिलक्यांशिवाय त्यात काहीच नव्हतं. बाहेर ऊन इतकं होतं की भाजी आणायला कोण जाणार? त्यामुळे तीन महिन्यांनी बाबा बोलायला लागले, त्याच दिवशी आम्ही त्यांचं ऐकलं नाही.