नॉर्वेचा कोट आणि अकोल्याची बंगई

मला कोणी "तुझ्यानं होणार नाही" म्हटलं की ते करून दाखवायचं, हा माझा जुना रोग. पोरांच्या पाट्या पुसता पुसता मी वाचायला शिकले तेही याच रोगापायी. (सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुले काय करायचं व अक्षर?") पण चौसष्टच्या वैशाखात या रोगानं मला पुरतं आडवं केलं.

आमचा शेषराव शिष्यवृत्तीवर नॉर्वेला गेला होता, माशांचा अभ्यास करायला. त्यानं पत्रात लिहिलं, "आई, आषाढात इकडे ये. कोळ्यांच्या बोटीतून तुला देवमासा दाखवतो." दोन वर्षं पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. मला देवमासा काय, बेडूक दाखवतो म्हणाला असता तरी चाललं असतं. पण खाली बापासाठी वेगळी ओळ होती : "आईला थंडी आणि बोट सोसेल का, ते नीट पाहून तार करा. मगच तिकीट काढतो."

म्हणजे माझी परीक्षा घेणार कोण, तर जिनिंग कारखान्यात कापसाच्या वजनकाट्यावर जन्म काढलेले आमचे हे, देवमनराव.

"तुले टांग्यात मळमळते," हे म्हणाले. "समुद्रात काय करशीन?"

"टांग्यात घोड्याचा वास येते म्हणून मळमळते. बोटीले घोडा जुपत नाईत."

"अन् थंडी? पोह महिन्यात तू चुलीपासून उठत नाईस."

"पाहाच मंग."

झालं. संध्याकाळी मी गल्लीतल्या बायका ओट्यावर जमवल्या आणि देवमाशावर व्याख्यान दिलं. तो श्वास घ्यायला तोंड वर काढतो, पाण्याचं कारंजं उडवतो, आणि किनाऱ्याला लागला की स्वतःच्याच वजनानं अडकतो, हलवायला अख्खं गाव लागतं. शेजारची केशरबाई तूर निवडत बसली होती. तिला डुलकी लागली असावी, असा माझा समज झाला.

शेषरावनं लोकरीचे कपडे घ्यायला सांगितलं होतं. कापसाच्या मुलखात जन्मले मी, आणि मेंढीपुढं पदर पसरू? गाद्या भरणाऱ्या पुंजाजीला बोलावलं. म्हटलं, कापसाचा कोट भरायचा, पायघोळ.

"बाई, मले दोनच मापं येते," पुंजाजी म्हणाला. "एकट्याची गादी अन् दोघांची गादी."

"एकट्याचं घ्या."

त्यानं मला एकदा खालून वर पाहिलं. "दोघांचं लागन."

कोट झाला. हात आडवे ठेवावे लागत आणि मान वळत नसे, एवढं सोडलं तर अंगाला नीट बसला. पुढून बंद करायला पुंजाजीनं गादीसारखे जाड दोऱ्याचे टाके घातले.

परीक्षेच्या दिवशी ऊन असं की कावळे चोची वासून बसलेले. ओसरीत आमचा झोपाळा, म्हणजे बंगई, ती झाली बोट. थंडीसाठी तिच्यावर बर्फाच्या दोन लाद्या मांडल्या आणि लाद्यांवर कोटासकट मी. लाटा द्यायला हे. पाहायला सगळी गल्ली.

"कसं वाटते?" ह्यांनी झोका देत विचारलं.

"थंडी कुठाय? लाट वाढवा."

लग्नापासून माझा एक शब्द न ऐकलेल्या माणसानं हा तेवढा ऐकला. मळमळ नाही, हुडहुडी नाही. मी मनातल्या मनात नॉर्वेला पोचलेसुद्धा.

आता शेतकरी वजन वाढवायला कापसावर पाणी मारून आणतात, आणि आमचे हे नुसत्या हातानं ती लबाडी ओळखतात. अशा माणसाची मी बायको. पण बर्फ वितळतो आणि कापूस पाणी पितो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ह्यांच्या आलं. त्यांनी बंगई थांबवली, कोटाचा काठ चिमटीत दाबला आणि काट्यावर म्हणत तसंच म्हणाले, "माल ओला हाय. उतरवा."

तेवढ्यात बंगईची कडी निसटली.

लागलं काही नाही. गादीसकट पडलेल्या माणसाला काय लागणार? पण उठताही येईना. ओसरीच्या कडेला उताणी पडले, आणि धडपड केली की गळ्यापाशी पाण्याची चिळकांडी उडे.

मग केशरबाईनं गळा साफ केला.

"पाहा वो बायांनो," ती म्हणाली, अगदी माझ्याच आवाजात. "श्वास घ्याले तोंड वर काढते. हे कारंजं उडालं. अन् किनाऱ्याले लागला का सोताच्याच वजनानं अटकते. आता गाव बलवा."

माझं व्याख्यान असं तोंडपाठ झालेलं पाहून कोणीही मास्तरीण धन्य झाली असती. माझा हात मोकळा नव्हता म्हणून केशरबाई वाचली.

गाव आलं. जिनिंगातले हमाल गाठी ओढायचे आकडे घेऊन आले. पुंजाजीनं टाके उसवले, तेव्हा मी बाहेर निघाले.

हे टोपी घालून तारघरात निघून गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय कळवलं पोराले?"

"जे झालं ते. आई येत नाई. देवमासा इथंच निघाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (कोटातलं नव्हे.) म्हटलं, पोरगं तिकडे हिरमुसलं असेल, आईची वाट पाहत असेल.

चौथ्या दिवशी त्याची उलट तार आली. मीच फोडली, वाचता येतं ना मला. दोनच शब्द होते : "फोटो पाठवा."